उताणा हात, पालथा हात: दंडाची बेटकुळी आपल्याच बोटांनी शिकताना

लहान पोराला ‘ताकद दाखव’ म्हटलं की ते मूठ आवळून कोपर दुमडतं आणि दंडावरची बेटकुळी काढून दाखवतं. त्या वेळी त्याच्या मुठीकडे बघा. बोटं त्याच्या स्वतःच्या खांद्याकडे वळलेली असतात. मूठ पालथी ठेवून बेटकुळी काढणारं पोर मी अजून पाहिलेलं नाही. हात उताणा केल्याशिवाय बेटकुळी पुरती वर येत नाही, हे त्याला कुणी न शिकवता कळलेलं असतं. या स्नायूबद्दल नवख्या माणसाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच. पुस्तकातून शिकणाऱ्यांच्या हातून मात्र नेमकी हीच निसटते. ‘बायसेप्स म्हणजे कोपर वाकवणारा स्नायू’ एवढं पाठ होतं आणि पान उलटलं जातं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चोपडा तालुक्यात माझं छोटं क्लिनिक आहे. येणाऱ्यांत केळीच्या बागेतले मजूर असतात, कापूस वेचणाऱ्या बाया असतात, मोटार-पंप दुरुस्त करणारे असतात. अलीकडे जिमला जाऊ लागलेली पोरंही येतात आणि सुट्टीत घरी आलेले वैद्यकीय किंवा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही. या शेवटच्या दोघांसाठी हा लेख आहे. लागणारं सामान घरातलंच: एक खुर्ची, एक पाण्याची बादली आणि दहा मिनिटं हात धरू देणारं कुणीतरी माणूस. वाचताना बाही वर करून बसा. प्रत्येक पायरी आधी स्वतःच्या हातावर करायची आणि मग दुसऱ्याच्या.

आधी ‘शीर’ या शब्दाचा गुंता सोडवा

आपल्याकडे हाताला काहीही झालं की ‘शीर चढली’, ‘नस दबली’ किंवा ‘लचक भरली’ म्हणतात. रक्तवाहिनी असो, मज्जातंतू असो, नाहीतर स्नायू हाडाला बांधणारी दोरी असो, सगळ्याला शीरच. बोलण्यापुरतं ते चालतं. पण नाव एकच पडलं की उपायही एकच होतो, तेल लावून मालीश. त्यातून झालेलं नुकसान पुढे सांगणारच आहे, म्हणून आधी या तीन गोष्टी बोटांनी वेगळ्या करायला शिका.

स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. जोर लावला की ती कडक होते आणि जोर सोडला की सैल पडते. धमनी ठोके देते. मज्जातंतू दाबला गेला तर बोटांत मुंग्या येतात. कोपराच्या पुढच्या खळग्यात ही तिन्ही अगदी शेजारी आहेत. बाहेरून, म्हणजे अंगठ्याच्या बाजूने, आत जाताना आधी बायसेप्सची कंडरा लागते, मग धमनी आणि तिच्या आतल्या अंगाला मिडियन नावाचा मज्जातंतू. रक्तदाब मोजताना डॉक्टर स्टेथोस्कोप कंडरेच्या आतल्या अंगाला टेकवतात, ते याच धमनीसाठी.

पहिली पायरी: उताणा आणि पालथा

खुर्चीवर ताठ बसा. उजवं कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकवा. डाव्या हाताचा पंजा उजव्या दंडाच्या पुढच्या भागावर हलकेच ठेवा. आता कोपर आहे तिथेच ठेवून फक्त तळहात फिरवा. देवळात तीर्थ घेताना करतो तसा उताणा करा, मग जमीन थोपटल्यासारखा पालथा करा. असं आठ-दहा वेळा करा.

कोपर तसूभरही हललेलं नसतं, तरी डाव्या पंजाखाली काहीतरी वर येतं आणि खाली बसतं. उताणा करताना बेटकुळी फुगते, पालथा करताना चपटी होते. आता समोरच्या माणसाला हस्तांदोलनासारखा हात धरायला सांगा. त्याने अडवायचं आणि तुम्ही जोराने उताणा करायचा. बेटकुळी दगडासारखी घट्ट होईल.

हे का होतं ते समजायला कोपराखालची दोन हाडं डोळ्यांसमोर आणा. करंगळीच्या बाजूला अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूला रेडियस. हात फिरतो तेव्हा अल्ना जवळजवळ जागेवरच राहते आणि रेडियस तिच्याभोवती फिरते. बायसेप्सची खालची कंडरा या फिरणाऱ्या रेडियसवरच, कोपराच्या थोडं खाली, एका उंचवट्यावर चिकटलेली आहे. हात पालथा केला की हाड फिरतं आणि कंडरा त्याच्याभोवती गुंडाळली जाते. भोवऱ्याला जाळी गुंडाळतो, हुबेहूब तशी. मग स्नायू आखडतो, जाळी ओढली जाते आणि हाड गरकन फिरून हात उताणा होतो.

इटलीत लिओनार्दो दा विंचीने १५१०-११ च्या सुमारास मृतदेहांचं विच्छेदन करून काढलेल्या चित्रांमध्ये बायसेप्स हात फिरवतो ही गोष्ट टिपली होती. पाचशे वर्षांनंतरही आपण तिला दुय्यम ठेवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कोपर काटकोनाजवळ असताना ही फिरवण्याची ताकद सगळ्यात जास्त मिळते. हात पूर्ण सरळ असेल तर बायसेप्सचा उपयोग पुष्कळ कमी होतो. घट्ट बसलेला नट पिळताना मेकॅनिक आपसूक जवळ सरकतो आणि कोपर दुमडतो, त्यामागे हेच आहे. नेहमीचे स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होतात, म्हणजे उजवा हात उताणा होतानाच्या दिशेने. उजव्या हाताने स्क्रू आवळण्यात जोर येतो तो बेटकुळीचा. सोडवताना दुसरे, त्या मानाने कमी ताकदीचे स्नायू काम करतात. ठिबकच्या फिल्टरचं झाकण आवळणाऱ्या शेतकऱ्याला हे एकदा दाखवून बघा, त्याला लगेच पटतं.

दुसरी पायरी: मग कोपर वाकवतो कोण?

बायसेप्स वाकवतोच, पण तो एकटा नाही. त्याच्याखाली, दंडाच्या हाडाला लगटून, ब्रेकियालिस नावाचा रुंद स्नायू आहे. दंडाच्या हाडाच्या पुढच्या बाजूला खालच्या अर्ध्या भागातून तो निघतो आणि अल्नाला चिकटतो. अल्ना फिरत नाही, त्यामुळे हात उताणा असो की पालथा, ब्रेकियालिसला फरक पडत नाही. तो वाकवत राहतो.

शोधायचा असा. हात पालथा करून कोपर वाकवा आणि मनगटावर दुसऱ्या माणसाला हलकासा दाब द्यायला सांगा. बायसेप्स आता त्या मानाने मऊ असतो. त्याच्या बाहेरच्या काठाने, कोपराच्या चार बोटं वर, अंगठा आणि तर्जनी आत रुतवा. खोलवर आवळला जाणारा मांसल थर लागेल, तोच ब्रेकियालिस.

तिसरा साथीदार कोपराखालच्या हातात अंगठ्याच्या बाजूला असतो, ब्रेकिओरेडियालिस. दुधाची किटली उचलताना राहतो तसा अंगठा वर ठेवून, मूठ आवळून जोर लावा. कोपराजवळ जी मांसाची धार उठून दिसते ती याची. बाकी त्याच्यावर इथे वेळ घालवत नाही.

तिसरी पायरी: वरची दोन टोकं

बायसेप्सचं मराठी नाव द्विशिर, दोन डोक्यांचा. दोन्ही टोकं खांद्याच्या फऱ्यावर उगम पावतात. दंडाच्या हाडाला हा स्नायू चिकटतच नाही, हे ऐकून पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दचकतात. वर फऱ्याला आणि खाली रेडियसला बांधलेला, मधल्या हाडावर नुसता पडून असलेला हा स्नायू खांदा, कोपर आणि हात फिरवणारा सांधा या तिन्हींवरून जातो. म्हणून खांद्याच्या दुखण्यात तो असतो आणि कोपराच्याही.

आखूड टोक शोधायला गळपट्टीच्या हाडावर बोट ठेवून खांद्याकडे सरकत जा. हाडाचा शेवटचा तिसरा भाग सुरू होतो तिथून सुमारे एक इंच खाली दाबा. आत एक हाडाचं टोक लागेल, फऱ्याचा पुढे आलेला खुंट. आखूड टोक तिथून निघतं. ही जागा दाबली की चांगल्या माणसालाही दुखते, म्हणून नुसत्या दुखण्यावरून निदान करू नका. दोन्ही बाजू दाबून तुलना करा.

लांब टोक मात्र वेगळंच आहे. त्याची कंडरा खांद्याच्या सांध्याच्या आत, खोबणीच्या वरच्या काठावर सुरू होते, दंडाच्या हाडाच्या गोल डोक्यावरून वळसा घेते आणि पुढे एका उभ्या खाचेतून खाली उतरते. ज्यांनी विहिरीवरची मोट पाहिली आहे त्यांनी चाकावरून उतरणारा नाडा आठवावा. नाडा चाकावर घासतो, तशी ही कंडराही वर्षानुवर्षं हाडावर आणि खाचेत घासत असते.

खाच शोधायची रीत अशी: कोपर बरगडीला, काटकोनात. दुसऱ्या हाताची तीन बोटं खांद्याच्या पुढच्या गोलाईवर ठेवा. आता दार उघडल्या-लावल्यासारखा हात बाहेर आणि आत फिरवा. बोटांखालून उंचवटा, खोलगट आणि पुन्हा उंचवटा असं सरकताना जाणवेल. त्या खोलगटात कंडरा आहे. पहिल्या खेपेला नाही सापडली तरी नाउमेद होऊ नका. मला स्वतःला ती नीट ओळखायला कितीतरी खांदे तपासावे लागले.

डोक्यावर हात नेऊन रोज काम करणाऱ्यांचा खांदा पुढच्या बाजूला दुखतो आणि बोट बरोबर या खाचेवर जातं, असं पुष्कळदा होतं. मग कोपर काटकोनात ठेवून, पहिल्या पायरीत केलं तसं अडवलेल्या हाताने उताणा करायला सांगायचं. खाचेत कळ आली तर लांब टोकाचा संशय घ्यायचा.

काही माणसांत बायसेप्सला तिसरं टोकही असतं. तो आजार नाही.

चौथी पायरी: कंडरेखाली बोट अडकवा

या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी ही पायरी राहू द्या.

उजवं कोपर काटकोनात वाकवा, तळहात उताणा, आणि तो आणखी उताणा करण्याचा जोर लावून धरा. आता डाव्या हाताची तर्जनी कोपराच्या खळग्यात बाहेरच्या, म्हणजे अंगठ्याकडच्या, बाजूने आणा. तिथे ताणलेली दोरीसारखी कंडरा आहे. बोट आकड्यासारखं वाकवून तिच्याखाली घाला आणि पुढे ओढून पाहा. चांगल्या हातात बोटाचं टोक कंडरेखाली शिरतं आणि दोरी ओढल्यासारखी घट्ट लागते. सायकलच्या ब्रेकच्या वायरखाली बोट घातल्यासारखं.

बाहेरच्याच बाजूने का? कारण कंडरेच्या आतल्या बाजूने एक पातळ, चिवट पदर निघतो आणि तिरका जाऊन कोपराखालच्या मांसाच्या वेष्टनात मिसळतो. आतल्या बाजूने बोट घातलं तर ते या पदरात अडकतं. मूळ कंडरा तुटलेली असली तरी पदर शाबूत राहू शकतो, आणि मग आपण ‘सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळे होतो. या पदराचं एक मोठं उपकाराचं कामही आहे. रक्त तपासायला सुई टोचतात ती शीर पदराच्या वर असते, धमनी आणि मिडियन मज्जातंतू पदराच्या खाली. जुन्या काळी युरोपात शिरा कापून रक्त काढण्याचा उपचार चालायचा. धमनी वाचवणाऱ्या या पदराला तिथे देवाचे आभार मानणारं नाव पडलं होतं.

आता दोन्ही हातांवर हे करा. मग घरातल्या दोघा-चौघांच्या हातांवर. चांगली कंडरा बोटाला कशी लागते ते पक्कं झालं पाहिजे, तरच नसलेली ओळखता येईल.

बादलीचं गणित

दहा लिटर पाणी भरलेली बादली कोपर काटकोनात वाकवून क्षणभर धरा. पाणी दहा किलो. पण ओझं तळहातात आहे, कोपराच्या सांध्यापासून तीस-पस्तीस सेंटिमीटरवर, आणि कंडरा हाडाला ओढते सांध्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर. अंतर सात-आठ पट, म्हणून ओढही सात-आठ पट लागते. दहा किलोच्या बादलीसाठी वाकवणाऱ्या स्नायूंना मिळून सत्तर-ऐंशी किलोइतकी ओढ द्यावी लागते, हाताचं स्वतःचं वजन न धरता.

शरीराने हा घाट्याचा सौदा केला तो वेगासाठी. स्नायू जरासा आखडला की तळहात हातभर वर येतो. घास तोंडाशी नेणं, दगड भिरकावणं, पोराला झटकन उचलणं, सगळं त्यातूनच येतं.

शेतात या गणिताचा उपयोग सरळ आहे. ओझं जितकं अंगाजवळ तितकी ओढ कमी. आणि मुख्य धोका असतो तो अचानक पडणाऱ्या ओझ्यात. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीचा वीस-पंचवीस किलोचा घड नेहमीचा आहे. एकाने दांडा कापायचा आणि दुसऱ्याने घड झेलायचा. झेलणाऱ्याचं कोपर अर्धवट वाकलेलं, हात उताणे, आणि घड धपकन येतो. स्नायू आखडायचा प्रयत्न करत असतानाच ओझं त्याला बळजबरीने लांब करतं. खालची कंडरा तुटते ती बहुधा अशाच क्षणी. म्हणून घड आधी खांद्यावर टेकू द्यावा आणि मगच दांडा तोडावा. घड हातांवर झेलू नये.

दंडाची मागची बाजू थोडक्यात

मागे त्रिशिर, ट्रायसेप्स. तीन टोकं, त्यातलं लांब फऱ्यावरून आणि बाकीची दोन दंडाच्या हाडावरून, तिन्ही मिळून कोपराच्या मागच्या टोकाला. काम कोपर सरळ करण्याचं. थंडीत भरिताची वांगी ठेचताना मुसळी खाली दाबतो तो हा, तालमीत जोर मारताना अंग वर उचलतो तोही हाच. पुढचा स्नायू आखडतो तेव्हा मागचा सैल सोडतो, नाहीतर हात हललाच नसता.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी मावशी खापरावरचे मांडे करते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूवर घेऊन, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत ती तो पातळ करत नेते. एकदा मी तिच्या शेजारी बसून नुसते तिचे दंड पाहत होते. उताणा-पालथा, पुढचा-मागचा, सगळे स्नायू एकमेकांना वाट देत चालले होते आणि मांडा कुठेही फाटत नव्हता.

पाचवी पायरी: मज्जातंतू पाहा

बायसेप्स आणि ब्रेकियालिसला हुकूम देणारा मुख्य मज्जातंतू मस्क्युलोक्युटेनियस. मानेतल्या पाचव्या-सहाव्या मज्जामुळांतून तो येतो, या दोन स्नायूंच्या मधून खाली उतरतो आणि पुढे कोपराखालच्या हाताच्या बाहेरच्या बाजूच्या कातडीला संवेदना देतो. कोपर वाकवण्यात आणि उताणा करण्यात दुबळेपणा, आणि त्याच बाजूच्या कातडीला बधिरपणा, असं जोडीने दिसलं तर घोटाळा स्नायूत नसून तारेत आहे असं समजायचं.

तपासायला समोरच्या माणसाचा हात मांडीवर सैल ठेवा, कोपर वाकलेलं. तुमचा अंगठा त्याच्या कंडरेवर टेकवा आणि अंगठ्यावर दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारा. हात किंचित उसळी घेतो. माणूस अंग आवळून बसला असेल तर उसळी येत नाही. त्याला पीकपाण्याबद्दल विचारा, तो बोलायला लागला की मारा.

जिमच्या पहिल्या महिन्यात

पोरं पहिल्या दिवशी आरशासमोर मोठ्यात मोठा डंबेल घेतात, कंबर मागे झुकवून तो वर फेकतात आणि धाडकन खाली सोडतात. याने बेटकुळीपेक्षा कंबरेलाच जास्त काम पडतं. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. तिथून सुरुवात करायला लाजू नका.

कोपर बरगडीला चिकटलेलं ठेवा. अंगठा पुढे ठेवून सुरू करा आणि वर येताना तळहात हळूहळू उताणा करा, म्हणजे बायसेप्सची दोन्ही कामं होतात. खाली आणताना मनात तीन अंक मोजा. दहा-बारा वेळा, असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. शेवटच्या दोन-तीन खेपा सोप्या वाटायला लागल्या की थोडंसं वजन वाढवा. ब्रेकियालिससाठी काही फेरे अंगठा वर ठेवून किंवा हात पालथा ठेवून करा, वजन कमी घेऊन. आणि तालमीतले जोर मारणंही सोडू नका, दंडाची मागची बाजूही तुमचीच आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दंड ठणकणं नवख्याला स्वाभाविक आहे. पण दंड सुजून टणक झाला, हात सरळ होईना आणि लघवी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी गडद झाली, तर ताबडतोब दवाखाना गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातला माल रक्तात आला की मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांजवळ जातो, भुसावळ-जळगावकडे त्याही वर. अशा दिवसांत पाणी न पिता भर दुपारी व्यायाम करणाऱ्याला हा धोका जास्त.

जिममध्ये कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन पुढे केलं तर मी हात जोडून सांगते, घेऊ नका. स्नायू फुगतो, पण कंडरा त्या वेगाने तयार होत नाही आणि तुटते. बिडी-सिगारेटनेही खालची कंडरा तुटण्याचा धोका वाढतो.

तुटलं तर

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे चाळिशी ओलांडलेले एक मजूर आले. घड झेलताना कोपरात ‘टप्प’ असा आवाज झाला होता. दुसऱ्या दिवशी खळग्यात काळंनिळं पडलं. ‘शीर चढली’ म्हणून एकाने रोज तेल लावून रगडून दिलं. दुखणं दहा-बारा दिवसांत उतरलं, म्हणून सगळ्यांना वाटलं गुण आला. पाच आठवड्यांनी ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘ताई, दुखत नही, पन मना हात फिरत नही.’

मी बोट घातलं. खाली काहीच नव्हतं. बोट नुसतं मांसात रुतलं. बेटकुळी खांद्याकडे सरकून बसली होती.

खालची कंडरा पूर्ण तुटली तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत शस्त्रक्रियेने ती पुन्हा हाडाला बांधणं सोपं असतं. उशीर झाला की टोक वर आखडतं, आजूबाजूला चिकटतं, काही वेळा दुसरीकडून कंडरा आणून जोड द्यावा लागतो. शस्त्रक्रिया न केलेल्या हाताची वाकवण्याची ताकद बरीचशी परत येते, कारण ब्रेकियालिस शाबूत असतो. उताणा करण्याची ताकद मात्र कायमची मोठ्या प्रमाणात जाते. दुखणं थांबणं आणि बरं होणं या दोन गोष्टी इथे एक नाहीत. तुटलेली दोरी ताणली जात नाही, म्हणून ती दुखायचीही थांबते.

तेव्हा असा आवाज, काळंनिळं आणि सरकलेली बेटकुळी दिसली तर मालीश नको, शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा, हात झोळीत अडकवा आणि एक-दोन दिवसांत हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बोट अडकतंय पण दुखतंय आणि जोर लागत नाही, असं असेल तरी दाखवा. कंडरा अर्धवट तुटलेली असू शकते, ते सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये कळतं.

वरची, लांब टोकाची कंडरा तुटते तेव्हा चित्र उलटं असतं. बेटकुळी कोपराकडे घसरून गोळा होते. पन्नाशीनंतर, झिजलेल्या कंडरेत हे जास्त. आखूड टोक शाबूत असल्याने ताकद फारशी जात नाही आणि वयस्कर माणसात बहुधा शस्त्रक्रियेविना भागतं. पण हा निर्णय डॉक्टरांचा. आणि डाव्या दंडात दुखताना छातीत दाटून येत असेल, घाम फुटत असेल, तर स्नायूचा विचार बाजूला ठेवून थेट दवाखान्यात जा.

ते मजूर अजून बागेत कामाला जातात. घड आता खांद्यावर घेतात. पंपाचे नट उजव्या हाताने सोडवतात, कारण ती दिशा पालथ्या हाताची आहे. आवळायला मात्र लांब दांड्याचा पाना आणि दोन्ही हात लागतात. नवे विद्यार्थी आले की मी त्यांना निरोप देते, आणि संध्याकाळी काम उरकून ते येतात. बाही वर करून दोन्ही हात पुढे धरतात, तळवे उताणे. पोरं आधी डाव्या हाताला बोट घालतात, मग उजव्या. ‘या हातमा बोट अडकस,’ ते सांगतात, ‘या हातमा नही.’